एपिलेटर आणि शेव्हर एकाच यंत्रात: खरोखर उपयोग होतो का?

रानजाई:

नमस्कार. पायांसाठी मी पार्लरमध्ये वॅक्सिंग करून घेते आणि काखांसाठी घरी साधे रेझर वापरते. आता पार्लरच्या फेऱ्या कमी कराव्यात म्हणून विजेवर चालणारे एपिलेटर, म्हणजे केस मुळासकट उपटणारे यंत्र, घेण्याचा विचार आहे. दुकानात आणि ऑनलाइन पाहिले, तेव्हा लक्षात आले की बहुतेक महागड्या यंत्रांसोबत केस कापणारे शेव्हरचे डोकेही येते. ते बहुतेक ठिकाणी वेगळे काढून बसवायचे असते, पण केस उपटणाऱ्या चिमट्या आणि केस कापणारी पाती एकाच डोक्यात शेजारीशेजारी बसवलेली यंत्रेही निघालेली आहेत, असे वाचले.

माझी शंका अशी. उपटलेला केस परत यायला काही आठवडे लागतात आणि कापलेला केस दोन दिवसांत हाताला लागतो. मग एकाच पायावर दोन्ही क्रिया केल्या, तर उपटण्याचा फायदा कापण्यामुळे वाया जाणार नाही का? शिवाय आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात घाम आणि दमटपणा इतका असतो, की नडगीवर वॅक्सिंगनंतरही बारीक पुरळ उठते आणि काही केस कातडीच्या आतच वळून वाढतात. अशा त्वचेला कोणते यंत्र सोसेल? यंत्र घेतले तर माझी धाकटी बहीणही तेच वापरेल, हेही लक्षात घेऊन सांगावे.

खटपट्या:

तुमची शंका रास्त आहे आणि या दोन क्रिया एकत्र आणताना यंत्र बनवणाऱ्यांची खरी अडचणही तिथेच होते.

एपिलेटरच्या डोक्यात फिरणाऱ्या चकत्यांची रांग असते. प्रत्येक फेऱ्यात चकत्यांच्या कडा एका जागी जवळ येऊन मिटतात, मधला केस चिमटीत धरतात, चकती पुढे सरकताना तो मुळासकट ओढून काढतात आणि पलीकडे उघडून सोडून देतात. हे घडण्यासाठी केसाची थोडी लांबी हाती लागावी लागते. कंपन्या अर्ध्या मिलिमीटरचा दावा करत असल्या, तरी दोन ते पाच मिलिमीटर लांबीचा केस सर्वांत सहज निघतो. त्यापेक्षा खूप लांब केस चकत्यांत गुंडाळला जातो आणि मुळाऐवजी मध्येच तुटतो.

शेव्हरचे काम याच्या अगदी उलट आहे. त्यात अत्यंत पातळ पत्र्याची, बारीक भोकांची जाळी असते आणि तिच्या आतून पाती वेगाने मागेपुढे सरकते. केस भोकातून आत आला तरच तो कापला जातो, त्यामुळे जाळीला आखूड केस हवा असतो. लांब केस भोकात न शिरता जाळीखाली आडवा पडतो, म्हणून पुष्कळ शेव्हरमध्ये जाळीच्या शेजारी लांब केस आधी छाटण्यासाठी दातेरी पट्टी दिलेली असते. म्हणजे उपटणाऱ्या भागाला जो केस हवा, तो कापणाऱ्या भागाला नको असतो.

आता दोन्ही भाग एका डोक्यात बसवले, तर पुढे कोणता असावा? कापणारा भाग पुढे असला, तर मागून येणाऱ्या चिमट्यांना धरायला काही उरतच नाही. उपटणारा भाग पुढे असला, तर कापणारी पाती नुकत्याच उपटलेल्या, लाल झालेल्या त्वचेवरून फिरते. त्यातल्या त्यात दुसरा क्रम सोयीचा आहे, कारण चिमट्यांतून सुटलेले, तुटलेले किंवा फार आखूड असलेले केस पाती काढून टाकते आणि पाय त्या दिवशी तरी गुळगुळीत लागतो. ब्राऊन कंपनीने सिल्क-एपिल या एपिलेटरच्या मालिकेत चिमट्यांच्या जोडीला जिलेट व्हीनसची पाती बसवलेले यंत्र काढले होते, त्यात हीच कल्पना होती. दोन्ही नावे तेव्हा एकाच मालकाची, म्हणजे प्रॉक्टर अँड गँबलची होती, त्यामुळे हा जोडसंसार जमणे स्वाभाविकच होते.

अडचण वेगाचीही आहे. एपिलेटर कातडी ताणून, काटकोनात धरून, केसांच्या वाढीच्या उलट दिशेने अगदी सावकाश फिरवावा लागतो. शेव्हर भराभर फिरवला तरी चालतो. दोन्ही एकत्र असले की हळू चालणाऱ्याच्या चालीने जावे लागते. म्हणून माझे मत असे, की वेगळी काढता-बसवता येणारी डोकी असलेले यंत्र घ्यावे आणि एका डोक्यातल्या जोडणीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

अबोली_पुणे:

खटपट्या यांचा निष्कर्ष मला पटतो, पण वापरणारीच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. पायांवरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ आणि विश्रांतीचा काळ असतो आणि पायांवर कोणत्याही दिवशी मोठा भाग विश्रांतीत असतो. त्यामुळे एपिलेटर फिरवल्यानंतर आठवड्याभरात जे केस वर येतात, ते बहुतांशी उपटलेले केस परत आलेले नसून त्या वेळी कातडीखाली असलेले नवे केस असतात. पहिल्या वेळी निराश होऊन यंत्र कपाटात टाकणाऱ्या बहुतेक जणींना हे कुणी सांगितलेले नसते. दर आठवड्याला थोडा वेळ काढून नव्याने वर आलेले केस उपटत राहिले, की काही आठवड्यांनी प्रत्येक खेपेचे काम आणि वेदना दोन्ही कमी होतात.

इथेच शेव्हरचा मोह आड येतो. मधल्या आठवड्यात सणासमारंभाला जायचे म्हणून पाय शेव्ह केले, की ते नवे केस उपटले जाण्याऐवजी कापले जातात आणि पुन्हा चिमटीत येण्याइतके वाढेपर्यंत थांबावे लागते. पायांवर एपिलेटर आणि शेव्हर आलटून पालटून वापरले, तर धड एकाचाही लाभ मिळत नाही. याला अपवाद एकच. केस खूप वाढलेले असतील, तर एकदा शेव्ह करून, ते दोन-तीन मिलिमीटर होईपर्यंत थांबून मग एपिलेटरने सुरुवात करणे फार सुसह्य होते, कारण केस एकसारख्या लांबीचे मिळतात आणि लांब केस ओढले जात नाहीत.

मी स्वतः पायांना फक्त एपिलेटर वापरते आणि काखांना फक्त शेव्हर. काखेतले केस जाड, चहूदिशांनी वाढणारे आणि त्वचा सैल असल्याने तिथे उपटणे मला आजवर नकोसेच वाटत आले आहे. अर्थात काही जणींना ते जमते.

आणखी एक. शेव्ह केल्याने केस दाट आणि राठ होतात, म्हणून आई, मावशी, शेजारीण अशा सगळ्या जणी शेव्हरला हात लावू देत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि कापल्याने केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही, असे त्यांना आढळले होते. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो हाताला खरखरीत लागतो, इतकेच.

निशिगंध:

मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे, तेव्हा पुरळ आणि आत वाढणाऱ्या केसांविषयी लिहिते. इथे लिहिलेले वाचून औषधोपचार करू नये, तपासणीला पर्याय नाही, हे आधीच सांगते.

केस आत वळण्याची मुख्य कारणे दोन. एक म्हणजे केस कातडीच्या पातळीखाली तुटतो आणि त्याचे टोक वर येण्याऐवजी आडवे वाढते. दुसरे म्हणजे उपटल्यानंतर येणारा नवा केस बारीक आणि मऊ असतो, वर मृत त्वचेचा थर साचलेला असला तर तो त्याला भेदता येत नाही. घाईत फिरवलेला एपिलेटर केस तोडतो आणि घट्ट दाबून चालवलेले पाते केस कातडीच्या खाली कापते, त्यामुळे एकाच दिवशी एकाच जागी दोन्ही करणे तुमच्यासारख्या त्वचेला नक्कीच जाचक होईल. उपटल्यावर रोमरंध्रे काही काळ उघडी राहतात आणि त्यांच्यावरून पाते फिरले, की त्वचेवरचे जंतू आत जायला वाट मिळते. दमट हवेत, घामात, कृत्रिम धाग्याच्या घट्ट लेगिंग्जमध्ये त्याचे रूपांतर पुळ्यांत व्हायला वेळ लागत नाही.

उपाय साधे आहेत. एपिलेटर फिरवण्याच्या आदल्या दिवशी पाय मऊ कापडाने हलके घासावेत, पण त्याच दिवशी नको. रात्री, झोपण्याआधी हे काम करावे, म्हणजे लाली सकाळपर्यंत उतरते. नंतर सैल सुती कपडे घालावेत आणि सुवासिक लोशन, डिओडरंट किंवा अल्कोहोल असलेले काही लगेच लावू नये. आत वाढलेला केस दिसला, की तो सुईने उकरून काढण्याची सवय अनेकींना असते. त्याने काळे डाग उरतात, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर ते महिनोन्‌महिने जात नाहीत. मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केस उपटणारे यंत्र वापरू नये. तीळ, चामखीळ, फुगलेल्या निळ्या शिरा आणि जखमा यांच्यावरून ते फिरवायचे नाही, हे सर्वांनाच लागू आहे.

बहिणीबरोबर यंत्र वापरण्याविषयी मात्र स्पष्ट सांगते: डोके एकच ठेवून दोघींनी वापरू नये. केस उपटताना रक्ताचे सूक्ष्म थेंब येतात, पात्यालाही रक्त लागते, आणि कावीळ ब आणि क यांसारखे आजार रक्तातून पसरतात. नळाखाली धुतल्याने चकत्यांमधील केस जातात, पण डोके निर्जंतुक होत नाही. सुटे डोके विकत मिळत असेल तर यंत्र एक आणि डोकी दोन, अशी सोय करता येईल.

जुनीपुराणी:

थोडी माहिती भर म्हणून. विजेवर केस उपटणारे पहिले गाजलेले यंत्र एपिलेडी, इस्रायलमधील हागोश्रीम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, तयार झाले आणि 1986 मध्ये बाजारात आले. त्यात चकत्या नव्हत्या. कमानीसारखी वाकवलेली, वेगाने फिरणारी स्प्रिंग होती. बाहेरच्या वळणावर तिचे वेढे उघडत आणि आतल्या वळणावर मिटत, त्या मिटण्यात केस अडकत. पुढे रेमिंग्टन कंपनीने स्प्रिंगऐवजी चिरा पाडलेली रबराची दांडी वापरली, तेव्हा पेटंटचा वाद ब्रिटनमध्येही गेला आणि जर्मनीतही. त्याच पेटंटावर ब्रिटिश न्यायालयाने उल्लंघन झाले नाही म्हटले आणि जर्मन न्यायालयाने झाले म्हटले. पेटंट कायदा शिकणाऱ्यांना हा खटला आजही शिकवतात. त्या खटल्याचा सगळा भर केस कशाने धरावा यावर होता, कापण्याचा त्यात संबंध नव्हता. कापणाऱ्या पात्यांची जोड नंतरची आहे, आणि तिच्यामागे वेदना नको असलेल्या ग्राहकाला दुकानातून परत जाऊ न देण्याचा हिशेबही असावा, असे मला वाटते.

रानजाई:

सर्वांचे मनापासून आभार. तेव्हा काढता येणाऱ्या डोक्यांचे यंत्र घ्यायचे, पायांना चिमट्या आणि काखांना जाळी, असे ठरवते. निशिगंधताई, बहिणीची डोक्याची सोय वेगळी करीन. दोनच शंका उरल्या. पाण्यात चालणारे यंत्र घ्यावे की कोरडे, आणि बॅटरीवरचे घ्यावे की वायरचे? आमच्याकडे पावसाळ्यात वीज अधूनमधून जाते.

खटपट्या:

पाण्यात चालणारे घ्या. कोमट पाण्याने त्वचा सैल पडते आणि केस ओढला जाताना वेदना पुष्कळ कमी होते, आणि फेसामुळे डोके सहज सरकते. बॅटरीवर चालणारे घेतले, तर पाण्यात वापरण्यासाठी ते वायरला जोडलेले नसावे लागते, म्हणून पाण्यात चालणारी बहुतेक यंत्रे चार्जिंग चालू असताना सुरूच होत नाहीत. ही सुरक्षेची व्यवस्था आहे, त्यात यंत्राचा बिघाड नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण अनेक जण ते परत करायला जातात. वीज जाण्याच्या दिवसांत आधीच पूर्ण चार्ज करून ठेवणे एवढेच करावे लागेल. बॅटरी उतरत आली, की चकत्या मंदावतात आणि केस उपटण्याऐवजी तोडू लागतात, तेव्हा दुसऱ्या पायासाठी पुन्हा चार्ज करून घ्यावे.

घेण्याआधी एक चौकशी मात्र जरूर करा. शेव्हरची जाळी झिजते आणि एखाद्या दिवशी फाटतेही. फाटलेल्या जाळीने कातडी सोलवटते, त्यामुळे तिची एखादी कड जरी उचललेली दिसली, तरी ती वापरू नये. तुमच्या मॉडेलची जाळी आणि चिमट्यांचे डोके सुटे मिळते का आणि किती रुपयांना, हे दुकानदाराकडून नाही, सेवा केंद्राकडून विचारून घ्या. कधीकधी सुट्या डोक्याची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याला जाते, मग बहिणीसाठी वेगळे स्वस्त यंत्र घेणेच परवडते.

अबोली_पुणे:

रानजाई, पहिल्यांदा वापरताना पोटरीपासून सुरुवात करा, नडगीला नंतर हात घाला. गुडघ्याच्या मागे आणि घोट्यापाशी सर्वांत जास्त झोंबते. गुडघ्यावर काम करताना पाय वाकवून कातडी ताणलेली ठेवा, नाहीतर चकत्यांमध्ये कातडी चिमटली जाते.