आखात, जहाज की जर्मनी? बर्फ कारखान्यातल्या मेकॅनिकचा प्रश्न

खाडीपलीकडचा

मी रत्नागिरीचा, वय २५. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेली चार वर्षे मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो. पगार रोख मिळतो आणि पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की निम्म्यावर येतो. घरी आई आहे, हापूसची चाळीसेक कलमे आहेत आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण अजून दोन वर्षे चालेल.

परदेशी जायचे हे नक्की आहे. कोणत्या वाटेने, ते ठरत नाही. मामा दुबईला आहेत, त्यांच्या ओळखीने एसी टेक्निशियनची जागा मिळू शकते, एकूण २,५०० दिरहम आणि राहण्याची सोय. गावातले दोन मित्र जहाजावर आहेत, ते तिकडे बोलावतात. जर्मनीत आमच्या कामाला मागणी आहे असे ऐकतो, पण भाषेचा गंध नाही. पाच-सात वर्षांनी परत येऊन स्वतःचे शीतगृह काढण्याचा विचार आहे, हे लक्षात घेऊन जाणकारांनी मत द्यावे.

परतलेला

आखातात अकरा वर्षे काढून मी गुहागरला परतलो. मामा तेथे आहेत ही जमेची बाजू आहे, परंतु २,५०० या आकड्यावर जाऊ नका. त्यातले मूळ वेतन किती, हे लेखी विचारा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते आणि भत्ते त्यात धरत नाहीत. मूळ वेतन १,००० असेल तर पाच वर्षांनी ३,५०० दिरहम हाती येतील, १,८०० असेल तर ६,३००. माझ्या करारात मूळ वेतन मुद्दाम कमी दाखवले होते, हे मला निघण्याच्या आठवड्यात हिशेब झाला तेव्हा कळले.

कामाविषयीही सांगतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तेथे मनाई आहे; पण साडेतीनला गच्चीवरचे युनिट काही निवलेले नसते. पान्याला फडके गुंडाळल्याशिवाय तो हातात धरवत नसे.

तुम्ही दहावी उत्तीर्ण आहात, म्हणजे तुमच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, लागणार नाही. लोक याला सोय म्हणतात. मला ते अर्धेच पटते, कारण ज्यांना ते लागते त्यांचा करार निदान एका सरकारी नजरेखालून जातो, आपला जात नाही. मध्ये एजंट असेल तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी पाहा. त्याला घेता येणारे शुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त नाही. ‘आधी व्हिजिट व्हिसावर ये, मग बघू’ असे कोणी म्हणाले, मग ते मामा का असेनात, तर नम्रपणे नकार द्या.

इंजिनरूम

मी मोटरमन, म्हणजे जहाजाच्या इंजिनखोलीतला कामगार आहे, म्हणून जहाजाचे तेवढे बोलतो. रीफर कंटेनर (थंड माल नेणारे कंटेनर) बहुतेक जहाजांवर इलेक्ट्रिकल अधिकारी पाहतात, त्यामुळे निव्वळ रेफ्रिजरेशनच्या माणसाला वेगळी जागा क्वचितच असते. तुम्हाला सहा महिन्यांचा जीपी रेटिंग (साध्या खलाशाचा) अभ्यासक्रम करून खालच्या पायरीपासून चढावे लागेल आणि चार वर्षांचा अनुभव किनाऱ्यावरच राहील. करार संपून घरी बसलो की आम्हाला पगार नसतो, हेही मित्रांना विचारून घ्या. तरीही यायचे असेल तर नेमणुकीसाठी कोणाला पैसे देऊ नका. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी श्रम करारानुसार खलाशाकडून असे पैसे घेताच येत नाहीत. आपल्याकडची मुले तरीही लाखांनी देतात, त्याला काय म्हणावे!

मालवणची लेक

मी जर्मनीत एका अन्नप्रक्रिया कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करते. तुम्ही लिहिलेले नाही, पण बर्फ कारखाना म्हणजे प्लांट बहुधा अमोनियाचा असणार. तसे असेल तर आजवरच्या चर्चेत तुमचे खरे भांडवल कोणी मोजलेलेच नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार एचएफसी वर्गातले शीतकवायू (एसी-फ्रिजमध्ये थंडाव्यासाठी भरतात ते) २०५० पर्यंत टप्प्याटप्प्याने हद्दपार व्हायचे आहेत, त्यामुळे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या यंत्रणा जाणणारा माणूस येथे हवा असतो. उद्या गावी मोठे शीतगृह काढायचे तरी हीच विद्या लागणार. पाच वर्षे नुसते स्प्लिट एसी केलेत तर ती गंजेल.

आता अडचणी. जून २०२४ पासून नोकरी शोधायला येथे येण्यासाठी ‘चान्सेनकार्टे’ नावाचा परवाना मिळतो. त्यासाठी निदान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यवसाय शिक्षण लागते, जे तुमच्याकडे आहे, आणि सोबत ए-१ (अगदी प्राथमिक) पातळीचे जर्मन किंवा बी-२ (बऱ्यापैकी सफाईदार) पातळीचे इंग्रजी. मात्र वर्षभराच्या निर्वाहाचे पैसे आधी दाखवावे लागतात. २०२५ च्या दराने ते १३,०९२ युरो होतात. कर्ज काढून या वाटेने येऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन. त्यापेक्षा घरी राहून बी-१ (रोजचे व्यवहार जमतील अशा) पातळीपर्यंत जर्मन भाषा करा आणि नोकरीचे पत्र हाती घेऊनच निघा. बहिणीची दोन वर्षे आणि भाषेची दोन वर्षे एकाच वेळी सरतील.

‘पगार रोख मिळतो’ हे वाचून मात्र मी थबकले. येथे या कामाचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. तुमच्या दोन वर्षांत जे कमी पडेल ते अनुभवाने भरून निघू शकते, पण तो अनुभव कागदावर असायला हवा. पुढच्या महिन्यापासून पगार बँकेत घ्या आणि मालकांकडून अनुभवाचे सविस्तर पत्र मिळवा.

खाडीपलीकडचा

सर्वांचे आभार. प्लांट अमोनियाचाच आहे. काल मालकांकडे पत्राचा विषय काढला, तर ते म्हणाले, “पत्र कशाला हवे? त्यांना माझा नंबर दे, मी फोनवर सांगतो.”

परतलेला

ताईंचे म्हणणे पटते, पण पावसाळ्यात निम्म्यावर येणाऱ्या पगारावर आणखी दोन वर्षे घर चालेल का, ते तुम्हीच जाणता. मामांना विचारा, एसीऐवजी तेथील एखाद्या शीतगृहात जागा निघते का. भाषेचा वर्ग ऑनलाइन तेथूनही करता येतो.

मालवणची लेक

तसे झाले तर उत्तमच. पत्राचा मजकूर मात्र तुम्हीच टंकून न्या आणि मालकांकडे सही-शिक्क्यापुरतेच काम ठेवा: कोणत्या महिन्यापासून कामाला आहात, कॉम्प्रेसर कोणते आणि किती क्षमतेचे, शीतकवायू कोणता, देखभाल कोणकोणती करता. कॉम्प्रेसरवरच्या पाटीचा फोटो काढून जोडा. गंज चढून अक्षरे जाण्याआधी काढा.