द्राक्षे आणि गोठवलेले डाळिंबाचे दाणे एकाच रीफरमधून रॉटरडॅमला पाठवता येतील का?

प्रश्न: दिंडोरीचा बागायतदार

नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी दिंडोरी तालुक्यात आहे. आजवर आमची थॉमसन द्राक्षे निर्यातदार बागेवरूनच उचलत असत आणि पुढे पेटीचे काय होते, याच्याशी आमचा संबंध येत नसे. येत्या हंगामात नेदरलँड्समधील एक खरेदीदार थेट आमच्याकडून माल घेण्यास तयार झाला आहे. त्याला द्राक्षांबरोबर थोडे गोठवलेले डाळिंबाचे दाणेही हवे आहेत. ते आमच्या परिचयातील एका प्रक्रिया उद्योगाकडे तयार होतात, परंतु त्यांचा एवढ्यात पूर्ण कंटेनर भरणार नाही. भाडे वाचवण्यासाठी दोन्ही माल चाळीस फुटी रीफर (शीतयंत्र बसवलेल्या) कंटेनरमध्ये एकत्र भरता येईल का? शिवाय एका फॉरवर्डरने (मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्याने) आम्हाला सांगितले की रीफर शून्याच्या खाली जातो, तेव्हा द्राक्षे थोडी गरम भरली तरी वाटेत आपोआप थंड होतील. हे खरे मानावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: पॅकहाऊसवाला, पिंपळगाव

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. कंटेनरला सेटपॉईंट, म्हणजे यंत्रावर लावलेले तापमान, एकच असतो. द्राक्षांना उणे ०.५ ते ० अंश सेल्सिअस हवे आणि गोठवलेल्या मालाला उणे १८. त्यामुळे एक वाचवायला जाल तर दुसरे हातचे जाईल.

फॉरवर्डरचे म्हणणे मात्र अधिक धोक्याचे आहे, म्हणून त्याविषयी जरा लांबण लावतो. रीफरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी बांधलेले असते, गरम मालाचे तापमान उतरवण्यासाठी नव्हे. मार्चमध्ये दुपारी तोडलेल्या द्राक्षाच्या मण्यात जी उष्णता असते, ती काढण्याचे काम पॅकहाऊसमधील (जिथे माल पेट्यांत भरतात) प्रीकूलिंगच्या खोलीचे आहे. तिथे पंखे पेट्यांमधून थंड हवा जोराने ओढतात आणि काही तासांत मण्याच्या गराचे तापमान चार अंशांखाली आणतात. हे काम अर्धवट ठेवून कंटेनर भरला, तर यंत्र दिवसेंदिवस पूर्ण ताकदीने चालते, बाहेरच्या पेट्या थंड होतात आणि पॅलेटच्या पोटातल्या पेट्या गरमच राहतात. तेवढ्या काळात देठातील पाणी उडून तो तपकिरी पडतो, मणीगळ सुरू होते आणि बोट्रायटिसच्या बुरशीला आयती संधी मिळते.

यात सल्फर पॅडचा घोळ वेगळाच. पेटीत द्राक्षांबरोबर ठेवायच्या या पॅडमधील (ग्रेप गार्डमधील) सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याच्या संपर्कात आले की बुरशीला रोखणारा सल्फर डायऑक्साइड वायू सोडते. गरम माल थंड खोलीत गेला, किंवा थंड माल लोडिंगच्या वेळी उघड्यावर राहिला, की पिशवीच्या आत घाम धरतो आणि जो वायू सगळ्या प्रवासाला पुरायचा तो पहिल्याच दिवसांत भसाभस निघतो. मग देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि शेवटच्या आठवड्यात बुरशीला अडवायला काही उरत नाही. खरेदीदार दोन्ही दोष मालाचे म्हणून लिहितो.

म्हणून लोडिंगपूर्वी डिजिटल थर्मामीटर घेऊन स्वतः उभे राहा. पॅलेटची वरची पेटी सगळेच तपासतात. आपण मधल्या थरातली पेटी काढायला लावा, तिच्या मधल्या पनेटमधला (छोट्या डब्यातला) एक मणी घ्या आणि सुई गराच्या मध्यापर्यंत घाला. तो आकडा चारच्या वर असेल तर कंटेनर दारात थांबला तरी चालेल, माल भरू नका. उणे ०.५ अंशाला द्राक्ष गोठेल, ही भीती मात्र नको. साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू त्याहून बराच खाली असतो.

उत्तर २: उरणकर (क्लिअरिंगच्या कामात)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. बंदराच्या बाजूने काही भर घालतो.

रिकामा कंटेनर घेताना त्याची पीटीआय, म्हणजे प्रवासापूर्वीची यंत्रतपासणी, झाल्याचा कागद मागा. रीफरला स्वतःची वीज नसते. जहाजावर आणि यार्डात तो प्लगवर असतो; दिंडोरीहून कसारा घाट उतरून न्हावा शेव्यापर्यंत मात्र ट्रेलरवर जेनसेट (डिझेल जनित्र) लागतो. डिझेल कोण भरणार आणि वाटेत तापमान कोण पाहणार, हे आधी ठरले नाही तर घाटातच वाद सुरू होतो.

आतली रचना समजून घ्या. थंड हवा जमिनीतल्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून दाराकडे जाते, तिथून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. त्यामुळे आतल्या भिंतीवरील लाल रेषेच्या वर एकही पेटी जाता कामा नये. दाराजवळ पॅलेट संपल्यावर जमिनीचा जो भाग उघडा राहतो, तो पुठ्ठ्याने झाकावा, नाहीतर हवा मालात न शिरता तिथूनच वर निघून जाते. लोडिंग चालू असताना, बंदिस्त डॉक नसेल तर, यंत्र बंद ठेवा. उघड्या दारातून ओली हवा ओढली की यंत्राच्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ साचतो.

बुकिंगच्या कागदावर आणि बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर) तापमान लिहिताना उणे चिन्ह आणि 'सेल्सिअस' हा शब्द दोन्ही स्पष्ट हवेत. गोठवलेल्या मालात उणे चिन्ह गळले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मार्गाचाही विचार करा. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि युरोपचा प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी वाढला. आपली सेवा कोणत्या मार्गाने जाणार, हे बुकिंगच्या वेळीच विचारा आणि त्या हिशेबाने सल्फर पॅड निवडा. ग्रेपनेट या द्राक्षनिर्यातीच्या ऑनलाइन प्रणालीवरील बागेची नोंदणी, कीडनाशक अंशांचा अहवाल, ॲगमार्क (प्रतवारीचे) आणि फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र ही यादी आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

उत्तर ३: मिरकरवाडा (मत्स्यप्रक्रिया, रत्नागिरी)

डाळिंबाच्या दाण्यांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आमचा माल कोळंबी आणि म्हाकूल असला तरी शीतसाखळीचे नियम तेच आहेत.

थंड माल आणि गोठवलेला माल रचण्याची पद्धत उलट असते. द्राक्षे जिवंत असतात, श्वास घेतात आणि उष्णता सोडतात, त्यामुळे पेट्यांना भोके हवीत आणि हवा मालामधून गेली पाहिजे. गोठवलेला माल उष्णता निर्माण करत नाही. त्याची पेटी बिनभोकाची असते, रास घट्ट लावतात आणि हवा फक्त राशीभोवती फिरते. ताज्या हवेची झडप गोठवलेल्या मालासाठी पूर्ण बंद ठेवावी.

युरोपीय संघाच्या नियमानुसार शीघ्र गोठवलेल्या खाद्यपदार्थांचे तापमान उणे १८ किंवा त्याखाली हवे. वाहतुकीत थोड्या वेळासाठी तीन अंशांपर्यंतची वाढ चालते. डिसेंबर २०२३ पासून काही मोठ्या कंपन्या ऊर्जा वाचवण्यासाठी हे प्रमाण उणे १५ वर आणावे, असा आग्रह धरत आहेत. विचार मला पटतो, परंतु करारात उणे १८ लिहिलेले असेल तोवर त्याचा आपल्याला उपयोग नाही.

पूर्ण कंटेनर भरत नसेल, तर फळे-भाज्यांचा गोठवलेला माल पाठवणाऱ्या दुसऱ्या उद्योगाबरोबर भाडे वाटून घ्या. आमच्या कोळंबीबरोबर मात्र दाणे पाठवू नका, वास लागतो.

दिंडोरीचा बागायतदार

सर्वांचे आभार. दाणे वेगळे पाठवण्याचे ठरवतो आहे. एकच शंका उरते. कंटेनरचा लॉग, म्हणजे तापमानाची नोंद, संपूर्ण प्रवासात उणे ०.५ दाखवत असेल आणि तरीही माल खराब निघाला, तर भरपाई कोणाकडे मागायची?

उरणकर

बहुधा कोणाकडेच नाही, आणि म्हणूनच प्रत्येक कंटेनरमध्ये स्वतःचे दोन-तीन डेटा लॉगर (तापमान नोंदवणारी छोटी उपकरणे) पेट्यांच्या आत ठेवावेत. थंड मालाच्या सेटपॉईंटवर यंत्र पुरवठ्याच्या, म्हणजे मालाकडे सोडल्या जाणाऱ्या, हवेवर नियंत्रण ठेवते, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये मण्याचे तापमान दिसत नाही. लॉग निर्दोष असला की जहाज कंपनी जबाबदारी झटकते. विमाही नीट वाचून घ्या: नेहमीच्या कलमांत विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि काही पॉलिसींत शीतयंत्र सलग २४ तास बंद पडले तरच दावा ग्राह्य धरतात.

नुकसान वरून दिसत नसेल तर माल ताब्यात मिळाल्यापासून तीन दिवसांत वाहकाला लेखी कळवावे लागते आणि दाव्याची मुदत एक वर्षाची असते. म्हणून रॉटरडॅमचा सर्व्हेयर (नुकसान तपासून अहवाल देणारा) आधीच ठरवून ठेवा आणि खरेदीदाराने पेट्या उतरवून घेण्यापूर्वी त्या सर्व्हेयरला कंटेनरच्या दाराशी उभा करा.