आयर्लंडचे ऋतुसण: घरचे की गावाचे?

पेठेतला कार्यकर्ता
आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत यंदा परदेशांतील सामुदायिक सणांवर लेख द्यायचे ठरले असून आयर्लंड माझ्या वाट्याला आले आहे. इम्बोल्क, ब्यालतना, लूनासा आणि साविन हे अनुक्रमे १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरचे चार जुने सण होत, इतके समजले. परंतु लोकांना एकत्र आणणारे त्यांत नेमके काय होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोथरूडकर
हे सण शेती आणि गुराढोरांच्या वर्षाशी बांधलेले आहेत. मे महिन्याच्या आरंभी, उन्हाळी कुरणांकडे नेण्याआधी, रोगराई टळावी म्हणून गुरे दोन जाळांमधून हाकली जात. ऑगस्टमध्ये नव्या पिकाचा पहिला घास घेतला जाई आणि तरुण मंडळी डोंगरावर जमून रानफळे वेचत. तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर मला सणांपेक्षा कामात दिसते. कापणी असो वा जळणासाठी पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर) कापणे असो, शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांकडे राबण्याच्या तिथल्या रीतीला ‘मेहल’ म्हणतात. तीत मजुरी नसते, जेवण मात्र घरधन्याने घालायचे. आपली इरजिक याहून वेगळी ती काय? लेखाची सुरुवात येथूनच करावी.

मावळातील वाचक
इरजिकीची तुलना पटली. मात्र सारेच गावकीचे होते असे लिहू नये. इम्बोल्कच्याच दिवशी येणाऱ्या आयरिश संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ जानेवारीला, घराबाहेर कापडाचा तुकडा ठेवतात आणि तिचा आशीर्वाद लाभलेले ते कापड पुढे दुखण्याखुपण्यात वापरतात. लव्हाळ्याचा क्रॉसही घरीच विणून दारावर लावतात. हे सगळे उंबऱ्याच्या आतले. केरी परगण्यात मात्र याच सणाला वेषांतर केलेली मंडळी ब्रिजिडची बाहुली घेऊन दारोदार फिरतात. २०२३ पासून या सणानिमित्त सार्वजनिक सुट्टीही मिळते.

पेठेतला कार्यकर्ता
दोघांचेही आभार. दारोदार फिरणे म्हणजे वर्गणीच का?

कोथरूडकर
बरीचशी तीच. २६ डिसेंबरच्या ‘रेन डे’ला (पाऊस नव्हे, रेन नावाचा चिमुकला पक्षी) गवताचे पोशाख आणि मुखवटे घातलेली टोळी गातवाजवत घरोघर पैसे गोळा करी आणि त्यांतून नाचगाण्याची रात्र साजरी होई, आता ते पैसे बहुधा एखाद्या धर्मादाय कामाला जातात. (आधी गाऊन दाखवायचे आणि मगच मागायचे, ही अट आपल्या पेठांत कितपत मानवेल, ते आपणच ठरवावे.)