स्केचअपमधलं (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) मॉडेल हाताने काढल्यासारखं कसं दिसेल?

कौलारू: सासवडच्या घराचं मॉडेल बघून क्लायंट काका म्हणाले, "हे तर बांधूनच झालंय, आता बदल काय सांगू?" पेन्सिलीचा फील हवाय.

रेघोट्या: स्टाइल्समध्ये (मॉडेल कसं दिसावं याच्या तयार सेटिंग्ज) 'स्केची एजेस' घ्या. एक्स्टेन्शन जरा वाढवा, म्हणजे कोपऱ्यात रेघा एकमेकींना ओलांडतात. खरा जीव तिथेच येतो. प्रोफाइल्स (बाह्यरेघांची जाडी) २ पुरे. सावल्या बंद. मंगलोरी कौलं मॉडेल केली असतील तर त्यांचा टॅग (भाग दाखवायचा-लपवायचा लेयर) बंद करा, नाहीतर छपराचा काळा गिचमिडा होतो. (वॉटरकलरवाल्या स्टाइल्स मला तरी भडक वाटतात.)

कौलारू: गिचमिडाच झाला होता! लेव्हल ऑफ डिटेल कमी केलं तर?

टी_स्क्वेअर: त्याने बारीक रेघा गळतात, पण खिडकीचे गजही जातात. ऑटोकॅड (दुसरं ड्रॉइंग सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: 'स्केची' व्हिज्युअल स्टाइल, जिटर (रेघांची थरथर) 'लो'.