सैन्यातल्या प्रत्येकाला बंदूक चालवता यायलाच हवी का?

वाटाड्या
आजच्या सैन्यात प्रत्यक्ष चकमकीत उतरणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मागे राबणारे जास्त असतात. स्वयंपाकी, कारकून, रडारवर बसणारे, विमानाचे मेकॅनिक, डॉक्टर, आता तर सायबरवाले. भरतीनंतरच्या प्रशिक्षणात सगळ्यांच्या हातात रायफल येते, पण पुढे बहुतेकांचा तिच्याशी संबंध वर्षातून एकदा, रेंजच्या (नेमबाजीच्या मैदानावरच्या) दिवशी. मग या सगळ्यांना नेमबाजीत तयार ठेवण्यात अर्थ आहे का? असेल तर कुठल्या पातळीपर्यंत? आणि डॉक्टरांच्या हातात शस्त्र नियमात बसतं का? ‘सैनिक आहे म्हणजे आलंच पाहिजे’ एवढ्यावर भागवू नका, कारणं सांगा.

काडतूस
आलंच पाहिजे. पण काय आलं पाहिजे, ते आधी ठरवू. लोक ‘प्रवीण’ म्हटलं की लांबचं टार्गेट पाडण्याचा विचार करतात. माझ्या लेखी क्रम असा: आधी शस्त्र सुरक्षित हाताळणं, मग ते चालू स्थितीत ठेवणं, मग अडकलं तर सोडवणं, आणि नेम सगळ्यांत शेवटी.

२३ मार्च २००३, इराकमधलं नासिरिया. अमेरिकन सैन्याच्या ५०७व्या मेंटेनन्स कंपनीचा ताफा रस्ता चुकून शहरात शिरला. ताफ्यात ३३ जण, बहुतेक मेकॅनिक, भांडारवाले, कारकून. त्यातले ११ मारले गेले. नंतरच्या लष्करी अहवालात नोंद आहे की अनेकांची शस्त्रं ऐन वेळी अडकली, आणि वाळवंटात ज्याने त्याने आपल्या शस्त्राची पुरेशी निगा न राखणं हे त्याचं संभाव्य कारण. नेम चांगला की वाईट, हा प्रश्न तिथे बऱ्याच जणांच्या बाबतीत आलाच नाही.

आता हाताळणी. रायफल रिकामी करण्याचा क्रम: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. मॅगझीन (गोळ्यांचा डबा) काढा. मग कॉकिंग हँडल (बोल्ट मागे खेचायची मूठ) मागे ओढा, आतला राउंड (गोळी) बाहेर पडू द्या, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागेच धरून चेंबरमध्ये (नळीतल्या गोळीच्या जागेत) पाहा. अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा. मगच बोल्ट पुढे सोडा.

चूक होते ती मॅगझीन काढणं आणि हँडल ओढणं या दोन पायऱ्यांची अदलाबदल केल्यावर. मॅगझीन लावलेलं असतानाच हँडल ओढलं तर एक राउंड बाहेर पडतो आणि बोल्ट पुढे जाताना वरचा दुसरा राउंड आत घेऊन जातो. मग मॅगझीन काढायचं, ‘खाली झाली’ म्हणायचं, ट्रिगर दाबायचा, आणि धाड! छावणीत अशा चुकून सुटणाऱ्या गोळ्या शत्रूला बघून सुटत नाहीत, शेजारच्या खाटेवर कोण आहे हेही बघत नाहीत. शस्त्रापासून चार हात लांब राहणारा कारकूनच ही चूक जास्त करतो, कारण त्याच्या हाताला क्रम बसलेला नसतो. म्हणून ‘याला गरज नाही’ म्हणून ज्याला वगळता, त्यालाच हे आधी शिकवायला हवं.

रातकिडा
काडतूस, हाताळणीचं मान्य. पण त्यावरून ‘सगळे नेमबाज’ इथपर्यंत जाऊ नका. वेळ कुठून आणणार? रडार तंत्रज्ञ तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्याचा रेंजवरचा प्रत्येक दिवस रडारच्या तासांतून कापला जातो.

दुसरं म्हणजे रेंजवरचा निकाल नेमका काय सांगतो? अमेरिकन सैन्याच्या रायफल चाचणीत ४० गोळ्यांपैकी २३ लागल्या की पास, ३६ लागल्या की ‘एक्स्पर्ट’. टार्गेटं ५० ते ३०० मीटरवर. स्वित्झर्लंडच्या राखीव सैनिकाला वार्षिक सक्तीच्या नेमबाजीत ३०० मीटरवरून २० गोळ्यांत ८५ पैकी ४२ गुण पुरतात. दोन्हीकडे टार्गेट म्हणजे टार्गेटच असतं. ते आपल्याच गस्तीवरचा माणूस नसतं, आणि त्याच्या मागे इंधनाची टाकीही नसते. रात्री अलार्म वाजल्यावर दोनशे जण भरलेल्या रायफली घेऊन तंबूंतून बाहेर धावले, तर माझी पहिली भीती घुसखोरांची नसेल.

तळाचं रक्षण हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळे लोक लागतात. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये विमानतळांच्या संरक्षणासाठी आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) रेजिमेंट उभी केली ती उगीच नाही.

काडतूस
आरएएफ रेजिमेंटचं नाव काढलंत, तर तिथलंच उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २०१२च्या रात्री अफगाणिस्तानातल्या हेल्मंदमध्ये कॅम्प बॅस्टियनवर १५ तालिबानी अमेरिकन गणवेशात कुंपण तोडून शिरले. ६ हॅरियर विमानं नष्ट झाली, दोन मरीन (अमेरिकेच्या मरीन कोअर या दलाचे सैनिक) मारले गेले. आरएएफ रेजिमेंट तळावर होती आणि तिने निर्णायक कामही केलं. पण हल्लेखोर विमानांच्या रांगेत पोहोचले तेव्हा त्यांच्यासमोर सर्वांत आधी होते मरीन कोअरचे विमान-मेकॅनिक. ‘प्रत्येक मरीन आधी रायफलमन’ हे तिथलं धोरण असल्यामुळे त्यांच्याकडे रायफली होत्या आणि त्या चालवताही येत होत्या. संरक्षणवाले पोहोचेपर्यंतची मिनिटं कोणाच्या तरी अंगावर येतातच.

ओळख पटवूनच गोळी झाडण्याचा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. बिगर-लढाऊ लोकांच्या सरावात मी लांबचा पल्ला कापून तोच वेळ यासाठी देईन: अंधारात सांकेतिक शब्दाने हटकणं, आपली दिशा आणि हद्द सोडून न झाडणं, आणि ‘जागचे हलू नका’ हा हुकूम पाळणं.

मलमपट्टी
डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं कलम २२ सांगतं की वैद्यकीय तुकडीतल्या लोकांकडे शस्त्र असलं आणि ते त्यांनी स्वतःच्या किंवा ताब्यातल्या जखमींच्या बचावासाठी वापरलं, तर तुकडीवर हल्ला करायचा नाही हे तिचं कायदेशीर संरक्षण जात नाही. हल्ल्यासाठी वापरलं तर जातं. म्हणून त्यांच्याकडे पिस्तूल किंवा रायफल असते, मशीनगन किंवा तोफ नसते. अमेरिकन सैन्यातले धर्मगुरू शस्त्र बाळगत नाहीत, त्यांच्या सोबतचा सहायक बाळगतो. डेझमंड डॉस हा वैद्यकीय सैनिक तर धर्मश्रद्धेमुळे शस्त्राला हातच लावत नव्हता. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने सुमारे ७५ जखमींना खाली उतरवलं आणि त्याला मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालं. पण त्याच्यावरून धोरण ठरत नाही.

कारण वैद्यकीय माणसाला शस्त्र यायलाच हवं याचं खरं कारण गोळी झाडणं नाहीच. डोक्याला मार लागलेला, रक्तस्रावाने भ्रमिष्ट झालेला किंवा केटामिन (वेदनाशामक, भूल देणारं औषध) दिलेला जखमी समोर असतो आणि त्याच्या हातात भरलेली रायफल असते. तो शुद्धीवर येताना समोरच्याला शत्रू समजू शकतो. म्हणून शुद्ध हरपत असलेल्या जखमीचं शस्त्र आणि रेडिओ आधी काढून घेतात, मग पुढचे उपचार. खिशातले हातबॉम्बही तपासायचे. ते शस्त्र रिकामं करायचं, तेही जखमीचं, म्हणजे कदाचित आपल्या सवयीचं नसलेलं. ज्या नर्सला काडतूस यांनी वर दिलेला क्रम माहीत नाही, ती भरलेली रायफल स्ट्रेचरखाली सरकवते, आणि ती तशीच हेलिकॉप्टरमध्ये चढते.

वाटाड्या
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग वर्षातून एक दिवस रेंज, यात भागतं का? आणि नसेल तर रातकिडा म्हणतात तो वेळेचा प्रश्न कसा सोडवायचा?

कोतवाला
नाही भागत, पण वेळ वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. वर्षाला ६० गोळ्या मिळत असतील तर त्या एका दिवशी उडवू नका, तीन महिन्यांनी १५-१५ करा. बाकीचा सराव रिकाम्या रायफलीवर, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं. खोलीत एकही जिवंत गोळी नको. नळीच्या टोकाशी नाणं ठेवा आणि ट्रिगर असा दाबा की ते पडणार नाही. सलग दहादा नाणं टिकलं की बोट सुधारतंय असं समजा.

रेंजवर उस्तादाने (प्रशिक्षकाने) मॅगझीन भरताना मध्येच दोनतीन डमी (दारू नसलेले) राउंड घालावेत, झाडणाऱ्याला न सांगता. डमीवर धमाका होत नाही, पण नळीचं टोक झटक्याने खाली जाताना स्पष्ट दिसतं. धमाक्याच्या भीतीने माणूस आधीच खांदा पुढे ढकलतो. हे दिसल्यावर गोळ्या खाली का लागतात ते वेगळं समजवावं लागत नाही. गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या तर बहुधा श्वास चुकतोय.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट झिरोइंग, म्हणजे रायफलीची साइट (नेम धरायची खूण) झाडणाऱ्याला जुळवून घेणं. मागच्या फळीतल्या लोकांना कोतमधून (शस्त्रागारातून) जी हाताला येईल ती रायफल मिळते. तिची साइट आधीच्या माणसाच्या डोळ्याला आणि गालाच्या ठेवणीला जुळवलेली असते. २५ मीटरवर ४ सेंटीमीटरची चूक ३०० मीटरवर जवळपास अर्धा मीटर होते, म्हणजे छातीवर धरलेला नेम माणसाच्या बाजूने निघून जातो. मग तो बिचारा ‘मला जमतच नाही’ म्हणतो. उपाय फुकट आहे: रायफलीचा बट नंबर (दस्त्यावरचा क्रमांक) माणसाच्या नावावर कायमचा लावा आणि दर वेळी तीच द्या. सरावाच्या पहिल्या पाच गोळ्या ग्रुप (टार्गेटवर त्या किती जवळजवळ लागतात) पाहायला. ग्रुप घट्ट पण बाजूला असेल तर साइट फिरवा. ग्रुपच विखुरलेला असेल तर साइटला हात लावू नका, आधी माणूस दुरुस्त करा.

साफसफाईत दोन चुका नेहमीच्या. एक, नळी आणि चेंबरमध्ये तेल तसंच ठेवून फायर करणं. झाडण्याआधी कोरडी चिंधी फिरवून ते पुसून काढायचं, तेल लागतं ते बोल्टच्या घासणाऱ्या भागांना. दुसरी, मॅगझीन कुणी उघडतच नाही. त्यात धूळ बसते, स्प्रिंग अडखळते आणि राउंड वर यायला उशीर होतो. मॅगझीनच्या तोंडाशी राउंड धरून ठेवणारे पत्र्याचे ओठ वाकले असतील तर राउंड तिरका घुसतो. ते पकडीने सरळ करत बसू नका, मॅगझीन बाद करा. प्रत्येक मॅगझीनवर रंगाने आकडा टाका. रायफल अडकली की तो आकडा वहीत लिहायचा. तोच आकडा पुन्हा आला तर दोष बहुधा मॅगझीनचा, आणि आकडे वेगवेगळे येत असतील तर रायफल आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) पाठवा.

रातकिडा
तिमाहीला १५ गोळ्या आणि आठवड्याला वीस मिनिटं असतील तर माझा रडारवाला तुम्हाला दिला. फक्त ड्युटीवर असताना त्याची रायफल कोतमध्येच राहू दे की खुर्चीशेजारी, ते अजून ठरलेलं नाही.

कोतवाला
तळ कुठे आहे त्यावर. घरच्या तळावर कोतमध्ये. धोक्याच्या भागात खुर्चीशेजारी, मॅगझीन कमरेच्या पाउचमध्ये, चेंबर रिकामा. आणि शिफ्ट बदलताना उठणारा आणि बसणारा, दोघांनीही चेंबर उघडून पाहायचा.