जपानी गाणी: सुरुवात कोणापासून करू?

प्रश्न: जपानी भाषेची एन-४ परीक्षा झाली, पण योआसोबी या जोडीचं गाणं लावलं की चार शब्दही हाती लागत नाहीत. सावकाश, स्पष्ट गाणारं कोण आहे?

प्रतिसाद १: योआसोबी आत्ताच नको. त्यांचा संगीतकार अयासे, त्याच्या चाली फार वेगात पळतात, गायिका इकुराला श्वास घ्यायलाही जागा नसते. तुम्ही स्पिट्झ हा बँड ऐका. १९८७ पासून तेच चौघं जण, आणि गायक मासामुने कुसानो. त्यांच्या ओळींचा अर्थ कधी गूढ असतो, पण उच्चार अगदी स्वच्छ. मी नागोयात नवीन असताना ऑफिसच्या लोकांनी कराओकेला नेलं आणि स्पिट्झचं १९९५ चं ‘रॉबिन्सन’ लावलं. पडद्यावर कांजीच्या (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांच्या) डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना अक्षरं, आणि सुरासोबत एकेका अक्षरात रंग भरत जातो. मी नुसती त्या रंगामागून वाचत गेले. दीर्घ ‘ओ’ किती लांबवायचा हे क्लासमध्ये वर्षभर डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या रात्री कळलं. फार आनंद झाला होता. अजूनही ते गाणं लागलं की मी हातातलं काम थांबवते.

प्रतिसाद २: गायिका उतादा हिकारूही ऐकाच. तिचा १९९९ चा ‘फर्स्ट लव्ह’ अल्बम जपानात ७० लाखांवर खपला, तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती.

प्रतिसाद १: हो, पण ती शब्द मध्येच तोडते. आधी स्पिट्झ, मग ती.

प्रश्नकर्ता: ‘रॉबिन्सन’ तीनदा ऐकलं. पहिलं कडवं लिहून काढलंय, उद्या इथे टाकते. तपासाल ना ताई?