मदत हवी आहे: १९५७ ची शेव्हरोले बेल एअर, इंजिन मूळचं आहे हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये असतो. इथे १९५७ ची दोन दारांची बेल एअर विकायला आहे. या गाडीवर माझा फार जीव आहे. मागचे उंच पंख, आणि पेट्रोलचं झाकण चक्क डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे लपवलेलं! इतक्या हौसेने आता कोण गाडी घडवतं?

मालक म्हणतात, २८३ घनइंचांचं व्ही-८ (इंग्रजी 'व्ही'सारख्या मांडणीतलं आठ सिलिंडरांचं इंजिन) मूळचंच आहे. दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर 'व्हीसी५७'ने सुरू होतो, म्हणजे कारखान्यातून गाडी व्ही-८ घेऊनच निघाली. पण तेव्हा इंजिनावर गाडीचा नंबर ठोकत नसत. मग ब्लॉकवरच्या (म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावरच्या) ओतकामाच्या तारखेवरून कितपत खात्री होते? उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे ब्लॉकवर जो शिक्का असतो, त्यातली अक्षरं कुणाला लावता येतात का?

दुसरं, ब्रेक. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. मुलांना घेऊन फिरायचंय, त्यामुळे दोन वेगळ्या सर्किटांचा ड्युअल मास्टर सिलिंडर बसवायचाच, हे माझं पक्कं आहे. मूळचे ड्रम ठेवून कुणी बसवलाय का? शनिवारी गाडी बघायला जातोय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.